अतिलठ्ठपणा आणि त्यावरील शस्त्रक्रिया : कोणासाठी, कोणासाठी नाही



काट्यावर आपली गाडी उभी राहिली की आपण सगळेच मान उंच करून आकड्याकडे बघतो. भरल्या गाडीचे वजन किती, रिकामीचे किती, कपात किती धरली, हे पावतीवर तपासल्याशिवाय कोणी फाटकाबाहेर पडत नाही. वजनात थोडा फरक वाटला तरी गटऑफिसात येऊन भांडणारे सभासद मी शेतकी खात्यातल्या नोकरीत पुष्कळ पाहिले, आणि त्यांचे भांडणे रास्तच असे. परंतु आपण स्वतः शेवटचे काट्यावर केव्हा उभे राहिलो होतो, असे कोणी विचारले तर बहुतेक जण हसून विषय बदलतील.

आमच्या थोरल्या वहिनीही असाच विषय बदलत असत. त्यांच्या परवानगीने ही हकिकत लिहितो आहे. "नाव तेवढं छापू नका, भाऊजी," एवढीच त्यांची अट.

वहिनींचे अंग पहिल्यापासून भरलेले. दुसऱ्या बाळंतपणानंतर वाढले, ते वाढतच गेले. चाळिशीत मधुमेह लागला, पंचेचाळिशीत गुडघे धरले. घरात चेष्टा व्हायची. "वहिनी, जपून बसा, बाजेचा पाय मोडेल," असे मी स्वतः चारचौघांत म्हणालो आहे, आणि आज ते आठवले की लाज वाटते. दुपारी भाकरी थापता थापता त्यांचा डोळा लागे, गॅसवरचे दूध उतू जाई, आणि आम्ही म्हणायचो, खाऊन खाऊन सुस्ती आली.

२०२३ च्या दिवाळीत धाकटी नात त्यांच्याजवळ झोपली होती. ती रात्री उठून आईला सांगू लागली, "आजी घोरते घोरते आणि मग श्वासच घेत नाही." सूनबाई जाऊन उशाशी उभी राहिली. घोरणे थांबले, छाती थांबली, मनातल्या मनात वीस आकडे मोजून झाले, आणि मग एकदम गचका बसून श्वास सुरू झाला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सूनबाईने घरात कोणाला न विचारता तालुक्याच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. पुढचे सगळे त्या पोरीमुळे झाले, हे आधीच सांगून टाकतो.

मी डॉक्टर नव्हे. पण वहिनींच्या निमित्ताने दवाखान्यांच्या बाकड्यांवर जे तास काढले, तिथे विचारून, वाचून, पुन्हा विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्या गावागावांत असे रोगी आहेत. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर स्त्रियांत २४ आणि शंभर पुरुषांत जवळजवळ २३ जणांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त निघाले. पूर्वी मोटेवर, नांगरावर, डोक्यावर ओझे घेऊन जे अंग झिजायचे, ते आता मोटारसायकलवर बसते आणि पंपाची मोटारसुद्धा घरातून मोबाईलवर सुरू करते. त्यात कोणाचा दोष काढायचा? सोय कोणाला नको असते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी प्रथम उंची आणि वजन घेतले. उंची १५५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट एक इंच, आणि वजन ९२ किलो. मग कागदावर एक गणित केले. ते आपणही घरी करू शकता. उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे आणि आलेल्या आकड्याने वजनाला भागावे. १.५५ गुणिले १.५५ म्हणजे २.४०. आणि ९२ भागिले २.४० म्हणजे ३८ च्या थोडे वर. या आकड्याला बी.एम.आय. म्हणतात. जगात सर्वसाधारणपणे ३० आणि त्यावर लठ्ठपणा धरतात. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी ही रेघ २५ वर आणली, आणि २३ पासूनच जादा वजन धरावे असे ठरवले. कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या आत असावा, असेही त्यात आहे.

रेघ खाली का आणली, याचे एक कारण पुण्यात सापडते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बी.एम.आय. २२.३, दिसायला दोघेही बेताचे. पण यंत्राने तपासले तेव्हा साहेबांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. याज्ञिकांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला होता. त्यातही हेच दिसले की आपली बाळे वजनाला कमी भरतात, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असतात. म्हणजे आपल्या माणसाला मधुमेह नि हृदयविकार गाठायला गोऱ्या माणसाइतके जाड व्हावे लागत नाही.

आता वहिनी जास्त खात होत्या का? हा प्रश्न दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, डॉक्टरांना तोंडावर विचारला. "हिचं तोंड बंद करा, सगळं बरं होईल." वहिनी खाली मान घालून बसल्या. डॉक्टरांनी उलट विचारले, यांनी याआधी वजन उतरवले होते का? तर हो, तीन वेळा. एकदा भात-साखर सोडून नऊ किलो, एकदा नुसत्या भाज्यांवर राहून सात किलो, आणि एकदा बाजारातले कसलेसे चूर्ण घेऊन जुलाबांनी पाच किलो. तिन्ही वेळा वर्षाच्या आत वजन परत आले, वर व्याजही घेऊन आले.

डॉक्टरांनी त्याची फोड करून सांगितली. पोटातून घ्रेलिन नावाचा एक द्रव सुटतो, तो मेंदूला भूक लागल्याचे कळवतो. त्याचा शोध १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी लावला. चरबीतून लेप्टिन सुटते, ते साठा पुरेसा असल्याचे कळवते. ते १९९४ साली सापडले. वजन झपाट्याने उतरले की शरीराला दुष्काळ पडल्यासारखे वाटते. भुकेचा निरोप मोठा होतो, समाधानाचा बारीक होतो, आणि अंग पूर्वीपेक्षा कमी उष्मांकांत भागवायला शिकते. ही ओढ महिनोन्‌महिने टिकते. त्यातून घराण्याची शरीरयष्टी, झोपेचा बिघाड, काही औषधे, विशेषतः स्टिरॉइड, अशी कारणे भर घालतात. निश्चयाने थोडे वजन राखणारी माणसे असतात, पण तीस-चाळीस किलो उतरवून ते नुसत्या निश्चयावर राखणारी फार थोडी. "ह्यांना आळशी म्हणू नका, ह्या आजारी आहेत," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा वहिनींच्या डोळ्याला पाणी आले. अकरा वर्षे गोळ्या खात होत्या, पण हे वाक्य त्यांना पहिल्यांदाच ऐकायला मिळाले होते.

साखरेबद्दल चार शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साखर कारखान्याच्याच अंकात हे लिहितो आहे, चेअरमनसाहेब सांभाळून घेतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवावी, आणि त्याच्याही निम्मी, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे, असेल तर उत्तम. गुळाचेही गणित तेच. मधुमेह्याला 'गूळ चालतो' ही आपल्याकडची समजूत साफ चुकीची आहे. सवलतीची साखर मिळाली म्हणून ती एकट्या घराने संपवलीच पाहिजे असे नाही. असो.

तालुक्याच्या डॉक्टरांनी वहिनींना पुण्याला पाठवले. तिथे रात्रभर अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली. तासाला सरासरी ४२ वेळा श्वास अडत होता. तीसच्या वर तो प्रकार तीव्र समजतात. तिथल्या सर्जनांनी शस्त्रक्रियेचा विषय काढला आणि घरात वादळ उठले. "चांगलं पोट कापून बारीक व्हायचं? लोक काय म्हणतील?" हे दादा. "उसाचं शेवटचं बिल येऊ द्या, मग बघू," हेही दादाच.

ही शस्त्रक्रिया कोणाला करावी याचे नियम आहेत. जाड आहे म्हणून कोणालाही टेबलावर घेत नाहीत. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ठरवले की बी.एम.आय. ४० च्या वर असेल तर, किंवा ३५ च्या वर असून सोबत मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर विचार करावा. आपल्या तज्ज्ञांनी २००९ साली भारतीयांसाठी हे आकडे ३७.५ आणि ३२.५ केले. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या जागतिक संघटनेने आणि अमेरिकेतल्या संघटनेने मिळून नियम आणखी सैल केले. ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी, ३० च्या वर मधुमेहासारखा आजार असेल तर, आणि आशियातल्या लोकांसाठी २७.५ पासूनच विचार व्हावा, असे त्यांनी म्हटले. तरी आपल्याकडचे पुष्कळ डॉक्टर अजून ३७.५ आणि ३२.५ डोळ्यांपुढे ठेवतात. वहिनींच्या उंचीला ३२.५ म्हणजे ७८ किलो आणि ३७.५ म्हणजे ९० किलो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला तेच ८८ आणि १०२ किलो.

हे ऐकून दादा म्हणाले, "मग माझंही उरकून टाका, एका खर्चात दोघं." त्यांचे पोट पुढे आहे, पण वजन ७२ किलो आणि बी.एम.आय. २६. सर्जन हसले. "तुम्हाला सुरी नको, तुम्हाला मळ्यापर्यंत चालायचं आहे. रोज. गाडी घरी ठेवून."

आकडा बसला तरी सगळे संपत नाही. आधी आहार, व्यायाम, औषधे यांचा मनापासून प्रयत्न झालेला असावा. थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीचा विकार असेल तर आधी तो दुरुस्त करतात. दारूचे व्यसन चालू असेल, मनाचा गंभीर आजार उपचाराविना असेल, बाई गरोदर असेल, हृदय-फुप्फुसे भूल सोसण्यासारखी नसतील, तर शस्त्रक्रिया करत नाहीत किंवा पुढे ढकलतात. आणि जन्मभर तपासणीला येण्याची तयारी नसेल त्यानेही या वाटेला जाऊ नये. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायचे असते.

तंबाखू बंद, हेही त्यात आलेच, आणि इथेच वहिनी अडल्या. त्यांना लग्नाआधीपासून मिश्रीची सवय. ऑपरेशनला त्या घाबरल्या नाहीत, पण मिश्रीच्या डबीसाठी मात्र आठ दिवस रडल्या. जखम भरायला आणि जोड धरायला तंबाखू वैरी आहे, असे सांगून डॉक्टरांनी तारीख दीड महिना पुढे टाकली. अखेर त्यांनी डबी सूनबाईच्या हातात दिली.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते, पोटावर चार-पाच छोटी छिद्रे पडतात. 'चरबी काढून टाकतात' ही समजूत चुकीची आहे. कातडीखालची चरबी ओढून काढणे हा वेगळा प्रकार असून तो या आजारावरचा इलाज नव्हे. मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जठर उभे कापून त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात. काढलेला भाग परत बसत नाही. घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होते, त्यामुळे भूकच उतरते. दुसऱ्यात जठराची सुमारे ३० मिलिलिटरची पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात आणि अन्नाला आतड्याचा पहिला भाग टाळून नेतात. पाटाचे पाणी पहिल्या वाफ्यावरून वळवून पुढच्या वाफ्यात सोडावे तसे. या दुसऱ्या प्रकाराचे मूळ १९६६ सालचे, अमेरिकेतल्या आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांचे. त्यात मधुमेह कित्येकदा वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच आटोक्यात येऊ लागतो. सगळ्यांचा जातोच असे नाही. जुना, इन्सुलिनवरचा मधुमेह जायला अवघड, आणि गेलेला परत येऊ शकतो. वहिनींना दुसरा प्रकार सुचवला.

धोका विचारला पाहिजे, आणि आम्ही विचारला. अनुभवी रुग्णालयात पहिल्या महिन्यात दगावण्याचे प्रमाण हजारी एक-दोन असते. जोड गळणे, रक्तस्राव, पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे ही मोठी संकटे. पुढे पित्ताचे खडे होऊ शकतात. न करण्याचाही धोका असतोच. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या लठ्ठ माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, आणि २००७ साली निष्कर्ष आला की शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी. ही दोन्ही पारडी दादांपुढे मांडल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्री तिचा श्वास अडतो तेव्हा मी जागाच असतो. कुणाला बोललो नाही." त्यानंतर बिलाचा विषय निघाला नाही.

खर्च काही लाखांचा होता. पुतण्या पुण्याला नोकरीत आहे, त्याच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावे होती. सभासदांनी इथे नीट लक्ष द्यावे. डॉक्टरांचा आकडा वेगळा आणि विम्याचा वेगळा. २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने घालून दिलेल्या कलमाप्रमाणे लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विम्याबाहेर ठेवता येतो. तो विम्यात बसायचा तर चार गोष्टी लागतात. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय संकेतांचा आधार असावा, वय १८ पूर्ण असावे, आणि बी.एम.आय. ४० किंवा अधिक असावा. ३५ किंवा अधिक असेल तर साधे उपाय फसल्यानंतर लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयरोहिणीचा विकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार, किंवा औषधांनाही न जुमानणारा मधुमेह यांपैकी काही असावे लागते. वहिनी ३८ वर होत्या. म्हणजे नुसत्या वजनावर पैसे मिळाले नसते, झोपेच्या तपासणीच्या कागदाने काम झाले. मधुमेहाच्या जुन्या चिठ्ठ्या मात्र आमच्याकडे निम्म्याही सापडल्या नाहीत. ऊसबिलाच्या पावत्या चाळीस वर्षांच्या आहेत, औषधाच्या चिठ्ठ्या पुड्या बांधायला गेल्या. आपण त्या फाईलला लावून ठेवाव्यात. पॉलिसीत किती वर्षे थांबावे लागते तेही अगोदर वाचावे.

एप्रिल २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. आधी दोन आठवडे यकृत आकसावे म्हणून कमी उष्मांकांचा आहार. नंतर दोन आठवडे ताक, वरणाचे पाणी, सूप. मग मऊ, मग घट्ट. एका वेळी वाटीभर जेवण, घास चावून चावून, आणि जेवताना पाणी नाही. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून अंडी, डाळ, पनीर, दही. पहिल्या संक्रांतीला त्यांनी हौसेने अर्धी गुळाची पोळी खाल्ली, आणि घाम, धडधड, जुलाब असा त्रास होऊन तासभर पडून राहिल्या. या शस्त्रक्रियेनंतर गोड एकदम आतड्यात उतरते, त्याचा हा परिणाम. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, पुढे आले. दंडाची कातडी लोंबते, ती तशीच आहे. गुडघ्यासाठी पूर्वी दुकानातून आणायच्या त्या वेदनाशामक गोळ्या आता वर्ज्य, कारण जोडावर व्रण होतो.

अलीकडे आठवड्याला एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने निघाली आहेत. तिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आपल्या देशात आले. वजन चांगले उतरते, पण बंद केल्यावर पुष्कळसे परत येते, आणि ती डॉक्टरांशिवाय घ्यायची औषधे नव्हेत. कोणाला इंजेक्शन आणि कोणाला शस्त्रक्रिया, हे त्या त्या रोग्याला तपासूनच ठरते.

२०२५ च्या गणपतीत वहिनींचे वजन ६८ किलो भरले. कोष्टकाप्रमाणे त्या अजून लठ्ठच आहेत, बी.एम.आय. २८. पण इन्सुलिन सुटले, गोळी एक राहिली, आणि रात्री दादा झोपतात. वहिनी मळ्यापर्यंत चालत जातात. दादा मागून येतात, "जरा दमानं" म्हणत.

लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ मात्र जन्माचे सोबती झाले. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास सोडायचे. मध्यंतरी बरे वाटते म्हणून त्यांनी बी-१२ चे इंजेक्शन तीन महिने चुकवले, तेव्हा पायाला मुंग्या येऊ लागल्या आणि डॉक्टरांची बोलणी खावी लागली. आता सूनबाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, इंजेक्शनच्या तारखेला लाल गोल करून ठेवला आहे.